तालुक्याच्या ओटीपासून सिव्हिलपर्यंत: शस्त्रक्रिया आणि सर्जनच्या शिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नाशिक जिल्ह्याच्या सगळ्या कोपऱ्यांतून येत राहतात. पेठ-सुरगाण्याच्या आशाताई विचारतात, मालेगाव-येवल्याचे नातेवाईक विचारतात, बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत, नुकते रुजू झालेले डॉक्टर विचारतात, कधी ग्रामसभेचा ठराव लिहायला बसलेले सदस्यही. उत्तरं देणारा मी जनरल सर्जन आहे. सध्या ऑपरेशनं कमी आणि रेसिडेंटना, म्हणजे सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना, शिकवणं जास्त. एकाच उत्तरात सगळं येत नाही, म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमच्या स्वतःच्या आजाराचा सल्ला मात्र तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

१. शस्त्रक्रियेची सेवा सुधारायची म्हणजे नवं ऑपरेशन थिएटर (ओटी) बांधायचं का?

बहुतेक वेळा नाही. इमारतीसाठी निधी मिळतो, फीत कापली जाते, फोटो येतो. पण ऑपरेशन होण्यासाठी त्या खोलीत एकाच वेळी सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटीची सिस्टर, निर्जंतुक सामान, ऑक्सिजन, रक्त आणि नंतर रात्रभर पेशंटकडे बघणारं माणूस लागतं. यातलं एक जरी नसलं तरी बाकीच्यांचा उपयोग शून्य. म्हणून कुणी मला ‘आमच्याकडे ओटी आहे’ असं सांगितलं की मी विचारतो, मागच्या रविवारी रात्री ती चालू होती का?

२. तालुक्याच्या रुग्णालयात निदान कोणती ऑपरेशनं व्हायला हवीत?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ मध्ये तीन ऑपरेशनं कसोटी म्हणून धरली: सीझर, पोट उघडून करायची तातडीची शस्त्रक्रिया आणि जखमेतून हाड उघडं पडलेल्या फ्रॅक्चरवरचे उपचार. जे रुग्णालय ही तिन्ही करू शकतं, तिथे भूल, रक्त, निर्जंतुकीकरण, नर्सिंग हे सगळं जागेवर असतंच, त्यामुळे तिथे इतर बरीच ऑपरेशनंही होऊ शकतात.

आयोगाची दुसरी अट वेळेची होती: अशा रुग्णालयात दोन तासांत पोहोचता आलं पाहिजे. हा आकडा हवेतून आलेला नाही. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव न थांबल्यास साधारण तेवढ्याच वेळात बाई दगावू शकते. आता सुरगाण्याच्या आतल्या पाड्यावरून मोजा. आधी गाडी मिळायची, मग पावसाळ्यातला रस्ता, मग घाट. नकाशावरचं अंतर आणि खरा वेळ यांचा इथे फारसा संबंध उरत नाही.

३. आपल्या जिल्ह्याला वर्षाला किती ऑपरेशनं आणि किती तज्ज्ञ लागतील?

त्याच आयोगाने लाख लोकसंख्येमागे वर्षाला ५,००० ऑपरेशनं आणि सर्जन, भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून २० जण असं लक्ष्य ठेवलं. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ६१ लाख होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने वर्षाला तीन लाखांवर ऑपरेशनं आणि सुमारे १,२२० तज्ज्ञ. आज लोकसंख्या त्याहून जास्त आहे.

एक सावधगिरी: हा आकडा जिल्ह्याची सरासरी सांगतो. नाशिक शहरातल्या गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या दवाखान्यांच्या पाट्या मोजून सरासरी भरून निघाली तरी पेठच्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. तज्ज्ञ किती आहेत याच्या जोडीने ते कुठे राहतात हेही विचारायला हवं.

४. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, सिव्हिल, संदर्भ: कुठे काय होतं?

प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतपणं, लहान जखमांना टाके, गळू फोडणं. ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचं. तिथे ओटी असते, पण मोठं ऑपरेशन होणं हे त्या दिवशी कोण हजर आहे यावर ठरतं. कळवणसारखी उपजिल्हा रुग्णालयं आणि मालेगावचं सामान्य रुग्णालय ही पुढची पायरी. त्यावर नाशिकचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय विशेष उपचारांसाठी आहे. अपघाताचा पेशंट घेऊन थेट तिथे जाऊ नका, सिव्हिलला न्या.

५. सर्जन आहे, ओटी आहे, तरी रात्री ‘सिव्हिलला न्या’ असं का सांगतात?

सर्वाधिक येणारा आणि सर्वाधिक रागाने विचारला जाणारा प्रश्न. राग रास्त आहे, पण तो बहुधा चुकीच्या माणसावर निघतो.

पहिलं कारण भूल. तालुक्याच्या अनेक ठिकाणी पूर्णवेळ भूलतज्ज्ञ नसतो. खासगीतला डॉक्टर फोन केल्यावर, केसमागे मानधनावर येतो. रात्री दीडला तो चाळीस किलोमीटरवर असतो, किंवा दुसऱ्या केसवर. सर्जनने स्वतःच पाठीत इंजेक्शन देऊन स्वतःच ऑपरेशन करावं ही जुनी पद्धत होती. पण मध्येच रक्तदाब कोसळला तर हात पोटात ठेवायचा की औषध भरायचं?

दुसरं कारण रक्त (प्रश्न १८). तिसरं, ज्याचा कुणी उच्चार करत नाही, ते ऑपरेशननंतरच्या रात्रीचं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आफ्रिकेतल्या पंचवीस देशांच्या पाहणीत तिथले पेशंट तरुण होते, गुंतागुंतही जास्त नव्हती, तरी मृत्यूचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुप्पट होतं. त्यातले बहुसंख्य मृत्यू टेबलावर झाले नाहीत. नंतर, वॉर्डात झाले. पूर्ण वॉर्डाला रात्री एकच सिस्टर असेल तर पोटात पुन्हा रक्त साचतंय हे कळणार कधी? नाडी वाढत जाते, लघवी कमी होते, पेशंट अस्वस्थ होतो. हे दर तासाला बघणारं कुणी नसेल तर उत्तम केलेलं ऑपरेशनही वाया जातं.

चौथं कारण हाताचा सराव. महिन्यात एखादंच मोठं ऑपरेशन होत असेल तर फक्त सर्जनचा नाही, सगळ्या टीमचा हात बसत नाही. आणि पाचवं, भीती. पेशंट दगावला तर मारहाण होईल ही भीती खरी आहे. त्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे, यावरूनच काय ते समजा. अशा वेळी ‘रेफर’ हा शब्द डॉक्टरला सर्वांत सुरक्षित वाटतो.

त्यामुळे ‘आम्हाला सर्जन द्या’ हा ग्रामसभेचा ठराव अपुरा आहे. ‘आठवड्याचे सातही दिवस भूलतज्ज्ञ, रक्त साठवण केंद्र आणि रात्रपाळीला पुरेशा सिस्टर द्या’ असा ठराव करा. सर्जन त्यानंतर टिकतो. नुसता आणलेला सर्जन वर्षभरात खासगीत जातो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा राग येत नाही.

६. पेशंटला हलवताना नातेवाइकांनी काय बघावं?

१०८ ला फोन करा. खासगी जीपपेक्षा ती उशिरा येईल असं वाटलं तरी ऑक्सिजन आणि डॉक्टर असलेली गाडी बहुतेक वेळा चांगली. निघण्याआधी तीन गोष्टी मागा: काय झालं, कोणती औषधं किती वाजता दिली हे लिहिलेली चिठ्ठी, पुढच्या रुग्णालयाला फोन झाला का याचं उत्तर, आणि शिरेतली सलाईनची सुई जागेवर आहे ना हे. बाळंतीण असेल तर १०२ ची गाडीही मोफत आहे. रक्त देऊ शकेल असा एखादा माणूस बरोबर घ्या.

७. ऑपरेशनआधी नाव, बाजू, ऑपरेशन परत परत विचारतात. त्यांना माहीत नाही का?

माहीत असतं. तरी विचारलंच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची सुरक्षा यादी आणली. ती तीन वेळा वाचायची: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर जाण्याआधी. पेशंट हाच ना, उजवा की डावा, ॲलर्जी आहे का, किती रक्त जाईल असं वाटतं, प्रतिजैविक दिलं का, शेवटी गॉज आणि सुया मोजून जुळल्या का. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली. २००९ च्या अहवालात मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ वर आल्या.

आता याची दुसरी बाजू. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ही यादी सक्तीची केली आणि १०१ रुग्णालयांचे आकडे पाहिले, तर २०१४ मध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. मला यात विरोधाभास वाटत नाही. कागद भरणं आणि यादी मोठ्याने वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशन संपल्यावर एका दमात सगळ्या खुणा करून ठेवलेले कागद मी भरपूर पाहिलेत. यादी खरी चालते की नाही हे एका गोष्टीवरून कळतं: सगळ्यांत नवी सिस्टर ‘सर, थांबा, एक गॉज कमी आहे’ असं म्हणू शकते का, आणि ती म्हणाली तर सर थांबतात का.

८. टाक्यांत पू झाला. ओटी घाण होती का?

नक्की सांगता येत नाही. फुटलेलं ॲपेंडिक्स किंवा आतड्याला पडलेलं छिद्र असेल तर पोट आधीच दूषित असतं. मधुमेह आटोक्यात नसणं, तंबाखू, कुपोषण यांनीही धोका वाढतो. पण हर्नियासारख्या स्वच्छ ऑपरेशनमध्ये एकापाठोपाठ एक पेशंटला पू व्हायला लागला तर रुग्णालयाने स्वतःकडे बघायलाच हवं.

बघायचं कुठे? ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) ड्रमवरच्या पट्टीवर काळ्या रेषा उमटल्या म्हणजे सामान निर्जंतुक झालं असं समजतात. ती पट्टी फक्त उष्णता लागली एवढंच सांगते. गुंडाळलेल्या सामानाला १२१ अंश सेल्सिअसला पूर्ण ३० मिनिटं मिळाली का, ड्रम ठासून भरल्यामुळे वाफ आत गेली का, हे कळायला आत ठेवायची रासायनिक पट्टी आणि ठरावीक काळाने जिवाणूंची चाचणी लागते. प्रतिजैविक चिरा देण्याआधीच्या तासाभरात द्यायचं. नंतर आठ दिवस गोळ्या देऊन ती वेळ भरून निघत नाही. आणि आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढायची सवय सोडा. बारीक जखमांतून संसर्ग वाढतो. काढायचेच असतील तर क्लिपर वापरतात.

९. ऑपरेशनआधी आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा देत नाहीत. गरज असते का?

ठरलेल्या ऑपरेशनसाठी सर्वसाधारण नियम असा: अन्न सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा अन्नात मोडतो. ‘घोटभर चहाने काय होतंय’ म्हणून लपवू नका. भूल दिल्यावर तो फुफ्फुसात गेला तर जिवावर बेततं. शेवटचा शब्द तुमच्या भूलतज्ज्ञांचा.

१०. आरोग्य विद्यापीठ आपल्या नाशकात आहे. मग सर्जन आपल्यालाच कमी का?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकात आहे, पण ते मुख्यतः संलग्नता देणारं विद्यापीठ आहे. राज्यभरच्या महाविद्यालयांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा तिथून चालतात. सर्जन मात्र तयार होतो पेशंटच्या खाटेपाशी. जिल्ह्यात आडगाव आणि इगतपुरीजवळ धामणगाव इथे खासगी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात ज्या दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत नाशिक आहे. पण आज एमबीबीएसला घेतलेला विद्यार्थी स्वतंत्रपणे पोट उघडण्याइतका तयार व्हायला साधारण दशक जातं (प्रश्न ११).

एक कारण खात्यांच्या रचनेतही आहे. सिव्हिल आणि तालुक्याची रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तर महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. पेशंट एका खात्याकडे आणि शिक्षक दुसऱ्या खात्याकडे, अशी ही वर्षानुवर्षांची वाटणी आहे.

११. सर्जन व्हायला किती वर्षं लागतात?

एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक वर्ष, नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा, मग एमएस किंवा डीएनबी ही पदव्युत्तर पदवी तीन वर्षं. राज्यातल्या सरकारी महाविद्यालयात शिकलेल्यांना बंधपत्रित सेवा वेगळी. मेंदू, मूत्रमार्ग, लहान मुलांची शस्त्रक्रिया अशा शाखांसाठी आणखी तीन वर्षं. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या दोन वर्षांच्या पदविका आहेत, त्यांत भूलशास्त्र आणि स्त्रीरोग आहे, जनरल सर्जरी नाही.

१२. ‘शिकाऊ डॉक्टर’ माझ्या आईचं ऑपरेशन करणार असं कळलं. नाही म्हणता येईल का?

कोण ऑपरेशन करणार हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, संमती न देण्याचाही. पण आधी नेमकं विचारा: ‘वरिष्ठ सर टेबलापाशी हजर असतील का?’ हजर असतील तर रेसिडेंटच्या हातून झालेलं ऑपरेशन घाबरण्यासारखं नसतं; उलट अशा रुग्णालयात पेशंटकडे चार डोळे जास्त लागलेले असतात. सर घरी, फोनवर आणि रेसिडेंट एकटा, ही स्थिती मात्र कुणालाच मान्य असू नये, रेसिडेंटलाही नाही.

संमतीपत्राबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलंय: तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे गर्भाशय काढण्याची संमती नव्हे. जीव वाचवायला तातडीने करावंच लागलं, तेवढाच अपवाद. कोऱ्या कागदावर सही करू नका.

१३. आता पीजीचे डॉक्टर तीन महिने जिल्हा रुग्णालयात येतात. त्याने काही फरक पडतो का?

पडू शकतो. २०२१ च्या तुकडीपासून एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. माझं मत विचाराल तर ही गेल्या कित्येक वर्षांतली सर्वांत चांगली कल्पना आहे आणि तिची अंमलबजावणी सर्वांत आळशीपणे होते. राहायला खोली नाही, शिकवायला कुणी नेमलेलं नाही, मग पोरं हजेरीपुरती येतात आणि उरलेल्या वेळात पुढच्या परीक्षेचा अभ्यास करतात. त्यांना नुसत्या ओपीडीत बसवू नका. त्यांच्या नावाने ओटीचे ठरलेले दिवस द्या, सिव्हिलच्या सर्जनला शिक्षक म्हणून मान आणि मानधन द्या, लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) त्याच्या सहीने पूर्ण होऊ द्या.

पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांनी १९९९ मध्ये मिळून सर्जनांचं एक महाविद्यालय काढलं, ‘कोसेक्सा’. त्याची स्वतःची इमारत हा मुद्दाच नाही. विद्यार्थी आपल्याच देशातल्या मान्यताप्राप्त रुग्णालयात राहून शिकतो, परीक्षा मात्र सगळ्यांची एक. २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात सुमारे ८५ टक्के सर्जन ज्या देशात शिकले तिथेच काम करत होते. जिथे शिकला तिथे माणूस रमतो. आपण मुंबई-पुण्यात शिकवतो आणि सुरगाण्यात टिकण्याची अपेक्षा करतो.

१४. एमबीबीएस डॉक्टरला भूल द्यायला किंवा सीझर करायला शिकवता येतं का?

येतं, आणि सरकारने ते केलंय. जीवरक्षक भूल कौशल्याचं प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा १८ आठवड्यांचं होतं, तातडीच्या प्रसूती सेवेचं १६ आठवड्यांचं. अडचण प्रशिक्षणानंतर येते. शिकून आलेल्या डॉक्टरची बदली ओटी नसलेल्या ठिकाणी होते आणि सहा महिन्यांत हात विसरतो.

मोझांबिक देश याच्या कितीतरी पुढे गेला. तिथे १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रिया शिकवतात. सात वर्षांनंतर पाहिलं तर त्यांतले ८८ टक्के जिल्हा रुग्णालयांतच होते. तिथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. भारतात कायद्याने असं करता येत नाही आणि आपल्याकडे डॉक्टरांची संख्या पाहता तसं करावं असं मला वाटतही नाही. पण तो ८८ चा आकडा डोक्यातून जात नाही.

१५. आयुर्वेदाच्या एमएस डॉक्टरांना ऑपरेशनची परवानगी आहे का?

नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेत शल्य (शस्त्रक्रिया) आणि शालाक्य (डोळे, कान-नाक-घसा) शाखांच्या पदव्युत्तरांसाठी ५८ शस्त्रक्रियांची यादी आहे. साध्या बीएएमएसना ती लागू नाही. ॲलोपॅथीच्या संघटनांचा याला कडाडून विरोध झाला. पेशंटने मात्र पदवीच्या वादात न पडता विचारावं: हे ऑपरेशन तुम्ही कुठे, कुणाच्या हाताखाली शिकलात, भूल कोण देणार, आणि बिघडलं तर पुढची सोय काय? हे तीन प्रश्न मी एमएस जनरल सर्जनलाही विचारायला सांगतो.

१६. ऑपरेशनचं शिबिर गावातच भरवलं तर?

मोतीबिंदूसारख्या कामात, पेशंटला रुग्णालयात आणून, नीट पाठपुरावा ठेवून केलेली शिबिरं लाखोंच्या कामी आली. १९९१ पासून धावणारी लाइफलाइन एक्सप्रेस ही रुग्णालय-रेल्वेही त्यातलीच. पण नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एकाच शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्या प्रकरणात तेरा जणी गेल्या. एका पथकाने दिवसाला ३० पेक्षा जास्त करू नयेत असं मार्गदर्शन तेव्हाही होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

शिबिर मागायचंच असेल तर रुग्णालयातच मागा, स्थानिक सर्जन आणि सिस्टर त्यात शिकतील असं मागा, आणि पाहुणे गेल्यावर पंधरा दिवस टाके कोण बघणार हे आधी लिहून घ्या.

१७. स्वस्तात सराव आणि स्वस्तात ऑपरेशन, दोन्ही शक्य आहे का?

सरावासाठी लाखोंचं सिम्युलेटर हवंच असं नाही. पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा डबा, आत मोबाइलचा कॅमेरा आणि दोन जुनी उपकरणं, एवढ्यावर दुर्बिणीच्या ऑपरेशनचा हात बसतो. गाठी मारायला खुर्चीचा दांडा पुरतो. पेशंटवर पहिला टाका घालण्याआधी हे झालेलं असावं.

स्वस्त ऑपरेशनचं उत्तम उदाहरण शेजारच्या धुळे जिल्ह्यातलं. दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि इतर ग्रामीण सर्जनांसह त्याचे निकाल प्रसिद्ध केले. पुढे युगांडात रीतसर तुलना झाली. २०१६ मध्ये निष्कर्ष आला की वर्षभरानंतर महागडी जाळी आणि हे कापड यांत लक्षणीय फरक नाही. (दुकानातली कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी घेऊन कुणी डॉक्टरकडे जाऊ नये. हा प्रश्न खरंच आला होता.) शोध लावायला महानगर लागत नाही, हे खानदेशाने दाखवून दिलं, त्याचा गाजावाजा मात्र आपल्याकडे कमीच झाला.

१८. रक्तपेढी लांब आहे. आमचा माणूस तयार आहे, त्याचं रक्त काढून थेट देता येईल का?

नाही. रक्त परवानाधारक केंद्रातच काढावं लागतं. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग, मलेरिया यांच्या चाचण्या आणि जुळणी झाल्याशिवाय देता येत नाही. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर १९९८ पासून बंदी आहे. तालुक्यासाठी उपाय म्हणजे रक्त साठवण केंद्र: मोठ्या केंद्रातून तपासलेल्या पिशव्या आणून फ्रीजमध्ये ठेवायच्या. त्याला मोठी रक्तपेढी लागत नाही. परवानगी, फ्रीजला अखंड वीज आणि एक प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो. गावात रक्तदान शिबिर घेता तेव्हा यातल्या किती पिशव्या तालुक्याला परत येतील, हे आयोजकांना विचारा.

१९. ऑक्सिजन प्लांट कोविडमध्ये बसले. आता तो प्रश्न मिटला ना?

बसवणं आणि चालवणं वेगळं. नाशिकला हे सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ ला टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण गेले. तुमच्या रुग्णालयात प्लांटची देखभाल कोण करतं, शुद्धता मोजतात का, भरलेले राखीव सिलिंडर किती, हे वैद्यकीय अधीक्षकांना रुग्ण कल्याण समितीत विचारता येतं.

२०. पैसे नाहीत. ऑपरेशन मोफत कुठे होईल?

सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि सीझर २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार मोफत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू आहे, मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख. पांढरं रेशनकार्ड असलं तरी चालतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला गाठा. माहिती आणि तक्रारीसाठी १५५३८८. काही ऑपरेशनं योजनेत फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, त्यामुळे खासगीत ‘हे बसत नाही’ असं सांगितलं तर ते खोटंच असेल असं नाही. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात.

तातडीच्या पेशंटला पैशाअभावी प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत. परमानंद कटारा प्रकरणाचा १९८९ चा निकाल आहे.

२१. जिथे जास्त ऑपरेशनं होतात ते रुग्णालय चांगलं, बरोबर?

अर्धं बरोबर. सराव हवाच (प्रश्न ५). पण महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत २५.४ टक्के बाळंतपणं सीझरने झाली होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लोकसंख्येच्या पातळीवर साधारण १० टक्क्यांपुढे मातांचे आणि बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढल्याचं २०१९ मध्ये पुढे आलं. एकाच जिल्ह्यात एकीला गरज असून सीझर मिळत नाही आणि दुसरीचं गरज नसताना होतं. तातडी नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. तुमची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवीत, असा वैद्यक परिषदेचा नियम आहे.

२२. सिंहस्थात काही घडलं तर आपली रुग्णालयं पुरतील का?

२००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ जण गेले होते. अशा वेळी ओट्यांची संख्या जितकी महत्त्वाची तितकीच जखमींची वर्गवारी: कुणाला आता, कुणाला तासाने. याची रंगीत तालीम पोलीस, १०८, सिव्हिल आणि खासगी रुग्णालयं यांनी एकत्र करायला हवी. प्रत्येकाने आपापल्या अंगणात करून भागत नाही.

२३. मी बाँडवर एकटा डॉक्टर आहे. भूलतज्ज्ञ नाही, सर्जन नाही. रात्री दोनला गंभीर पेशंट आला तर मी काय करायचं?

पोट उघडू नका. छिद्र पडलेलं आतडं असेल तर ऑक्सिजन, दोन जाड सुया, सलाईन, नाकातून नळी, लघवीची नळी, प्रतिजैविक आणि वेदनाशामक. वेदनाशामक दिल्याने निदान झाकलं जातं ही समजूत जुनी आहे; द्या. उघड्या फ्रॅक्चरला प्रतिजैविक लवकरात लवकर, धनुर्वाताची लस, जखम धुवून झाकायची आणि फळी बांधायची. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाला गर्भाशय आकुंचनाची औषधं, दोन्ही हातांनी दाब, ट्रॅनेक्सामिक ॲसिड तीन तासांच्या आत, आणि थांबलंच नाही तर कंडोम-कॅथेटरचा फुगा.

अपवाद दोनच आहेत, पण ते पक्के शिकून ठेवा. श्वासमार्ग पूर्ण बंद झाला आणि नळी जात नाही, तेव्हा गळ्यातून मार्ग करायचा. छातीत दाबाने हवा साचली, तेव्हा सुईने ती काढायची. हे पेशंट घाट उतरेपर्यंत थांबत नाहीत, म्हणून ते तिथेच, तुम्हीच करायचं. बाकी सगळ्यांसाठी गाडी निघायच्या आधी सिव्हिलच्या ड्यूटीवरच्या सर्जनला फोन लावा आणि चार गोष्टी सांगा: नाडी, रक्तदाब, रक्तगट आणि गाडी सुटण्याची वेळ. त्याने काही वेगळं करायला सांगितलं तर ते त्याच्या नावासह आणि वेळेसह केस पेपरवर लिहा.